रविवारची बस

मराठीत छंद लागतो आणि उर्दूत शौक पाळतात. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला असले फरक रोज दिसतात. लागलेला छंद आपोआप सुटूही शकतो. पाळलेल्या शौकाला मात्र कबुतरासारखं दाणापाणी घालावं लागतं. माझ्या मामूंचं आणि माझं गेली सहा वर्षं जे चाललंय त्याला यातला कुठला शब्द लावावा, हे माझं अजून ठरलेलं नाही. मुमानींचं केव्हाच ठरलंय. त्या म्हणतात, ‘खूळ’.

तर हे खूळ असं. शिवडीच्या बाजूला एका जुन्या गोदामाच्या आवारात एक बस उभी आहे. टाटा-मर्सिडीज, १९६६ची. हल्लीच्या बसचं तोंड सपाट असतं, हिला पुढे लांब नाक आहे आणि नाकावर तीन टोकांचा तारा आहे. टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर १९५४ मध्ये ट्रक आणि बस बनवायला सुरुवात केली आणि तो करार १९६९ मध्ये संपला. तारा असलेली गाडी म्हणजे त्या पंधरा वर्षांतली, असा साधा हिशेब. बसचे मालक सिनेमा-मालिकांच्या शूटिंगला जुन्या गाड्या पुरवतात. आम्ही त्यांना शेठ म्हणतो. एका महिन्यात बस एसटी होते, दुसऱ्या महिन्यात शाळेची बस, कधी चाळीसच्या दशकातली फौजी गाडी. रंग बदलतो, पाटी बदलते, इंजिन तेच. तिला रस्त्यावर चालवायचा परवाना नाही, त्यामुळे शूटिंगला ती ट्रेलरवर चढून जाते आणि कॅमेऱ्यासमोर शंभर-दीडशे फूट चालून परत येते. तेवढं चालण्याजोगी ती राहावी, हे काम मामूंचं. मी त्यांचा हेल्पर. शाळेत मी ‘सर’ असतो, गोदामात ‘ए, पाना दे’.

मामू बेस्टमध्ये होते. ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली, त्याच्या पुढच्या वर्षी ते वयाच्या विसाव्या वर्षी दादरच्या वर्कशॉपमध्ये चिकटले आणि २००३ मध्ये निवृत्त झाले. आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. घरात मुलाने बोटीवर जावं किंवा आखातात, अशी रीत. मामूंनी दोन्ही नाकारलं. ‘बोट बुडाली तर पोहावं लागतं, बस बंद पडली तर उतरता येतं,’ हे त्यांचं कारण. अडतीस वर्षं त्यांनी बंद पडलेल्या बसमधून लोकांना उतरावं लागू नये, एवढंच काम केलं.

रविवारी गोदामात आणखी दोघं येतात. लालबागचे सुतारकाका आणि गिरगावचे पेंटरकाका. जुन्या बसची बॉडी नुसती पत्र्याची नसते. आत लाकडाचा सांगाडा असतो आणि त्यावर पत्रा ठोकलेला असतो. म्हणून बसला सुतार लागतो, ही गोष्ट मला वयाच्या चाळिशीत कळली. सुतारकाकांच्या पिशवीत रंधा, पटाशी, गिरमिट आणि एक बुटकी करवत असते. खिडकीखालची पट्टी कुजली की ते आधी बोटाने टकटक करून ऐकतात, डॉक्टर पाठीवर ठोकतात तसं. पेंटरकाका पूर्वी गिरगावातल्या दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आले आणि ब्रश माळ्यावर गेले. आता ते फक्त आमच्या बसच्या कपाळावर गावांची नावं लिहितात आणि पुढच्या शूटिंगला ती पुसतात. ‘माझं अक्षर सिनेमात दिसतं, दोन सेकंद,’ असं ते सांगतात. तक्रार म्हणून सांगतात की अभिमानाने, हे ओळखू येत नाही.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं जुनी गाडी म्हणजे पुसून चकचकीत ठेवायची. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते, हा मामूंचा पहिला धडा. मुंबईची हवा खारट आहे, पत्रा आतून खाते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, म्हणून दर आठवड्याला गाडी हातभर तरी पुढेमागे करायची. डिझेलची टाकी अर्धी रिकामी ठेवायची नाही. रिकाम्या जागेतल्या हवेतून पाणी सुटतं, ते तळाला बसतं आणि मग टाकी गंजते, फिल्टर तुंबतो. बॅटरीची अर्थची वायर काढून ठेवायची. उंदरांसाठी वेगळा बंदोबस्त, कारण वायरिंगचं वेष्टण त्यांना आपल्या शेवयांसारखं लागत असावं. पाट्यांना ग्रीस, किंगपिनला ग्रीस, दाराच्या बिजागरीला तेल. इंजिन चालू केलं तर नीट गरम होईपर्यंत चालू ठेवायचं. दोन मिनिटं घुर्रघुर्र करून बंद करणं म्हणजे आजाऱ्याला अंथरुणातून उठवून पुन्हा झोपवणं.

चालू करण्याचीही रीत आहे. थंड इंजिनाला आधी हीटर द्यावा लागतो. खटका ओढायचा आणि थांबायचं. किती? मामू एक सूरह फातिहा सावकाश म्हणतात. सुतारकाका तेवढ्यात ‘सुखकर्ता’चं पहिलं कडवं म्हणतात. पेंटरकाका घड्याळ बघतात आणि दोघांचं किती सेकंदांनी चुकलं ते सांगतात. मग सेल्फ मारायचा. सहा सिलिंडरांतलं एखादं आधी जागं होतं, मग दुसरं, मग पांढरा धूर, मग सगळी एका सुरात.

कधीकधी ती जागी होत नाही, कारण तिने हवा घेतलेली असते. ‘गाडीने हवा घेतली’ हे वाक्य मी आधी शंभर वेळा ऐकलं होतं, अर्थ इथे कळला. डिझेलच्या नळीत कुठूनतरी हवेचा बुडबुडा शिरतो. डिझेल दाबलं तर दाबलं जात नाही, पुढे सरकतं. हवा दाबली जाते. त्यामुळे पंप कितीही जोर लावू दे, तो जोर बुडबुडाच खातो आणि नोझलपर्यंत काही पोहोचत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंपाचा गुटका दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग फुटकं-फुटकं डिझेल, मग सलग धार. सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. नोझलच्या नळ्यांनाही तेच. माझ्या बी.एड.च्या वर्षात ‘कृतीतून शिक्षण’ या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली होती. ती सगळी पानं त्या गुटक्यात आहेत.

आणि चालवणं. आवारात आमचा रस्ता दोनशे पावलांचा आहे, गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत. या गाडीचा गिअर नुसता क्लच दाबून पडत नाही. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, खालच्या गिअरला जाताना थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. याला डबल क्लच म्हणतात. गिअरबॉक्समधल्या दोन चाकांचा वेग जुळला तर दांडी आपोआप आत जाते, नाही जुळला तर असा करकराट होतो की शेजारच्या गोदामातले हमाल बाहेर बघतात. डोळ्यांनी यातलं काही दिसत नाही. सगळं कानावर आणि तळपायावर. मामू बाजूला उभे राहून डोळे मिटून ऐकतात आणि फक्त ‘आता’ म्हणतात. त्या ‘आता’साठी मी सहा वर्षं जातोय, असं म्हटलं तरी चालेल.

या शहराचं बसशी नातं जुनं आहे. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम कुलाब्याहून पायधुणीला गेली. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली आणि १९३७ मध्ये दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही सगळी यंत्रणा पालिकेकडे आली. १९६२ ते १९७१ एवढा काळ ट्रॉलीबसही होती, वर विजेच्या तारा आणि खाली रबरी चाकं. मामू तिला ‘ट्रामची बेवा’ म्हणायचे. १९९०च्या सुमारास मुंबईत नऊशेच्या आसपास दुमजली बस होत्या. डिझेलची शेवटची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ला अंधेरीत धावली. लोकांनी तिला हार घातले, फोटो काढले. आता विजेवर चालणाऱ्या नव्या दुमजली गाड्या आल्या आहेत, थंडगार आणि मुक्या. मामूंना त्या आवडतात. मला वाटलं होतं ते नाक मुरडतील. ते म्हणाले, ‘अरे, धूर नाही, आवाज नाही, अजून काय पाहिजे? जुनं चांगलं म्हणून जपायचं नसतं. जुनं कसं होतं ते कळावं म्हणून जपायचं.’

आपल्या लोकांचाही या बसमध्ये वाटा आहे. बद्रुद्दीन काझी नावाचा तरुण बेस्टमध्ये कंडक्टर होता, तो पुढे जॉनी वॉकर झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. जे जॉनी वॉकर झाले नाहीत ते कंडक्टर, ड्रायव्हर, फिटर, वेल्डरच राहिले. खाकी कपड्यांवर नाव नसायचं, बिल्ला नंबर असायचा. मामूंना त्यांचा नंबर अजून पाठ आहे, मोबाईलचा नाही. नव्वदच्या दशकातला एक काळ मात्र त्यांच्या बोलण्यात फार कमी येतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलीत बसही जळाल्या. मग १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत वरळीला सेंच्युरी बाजारापाशी बस सापडली. त्या वर्षी वर्कशॉपमध्ये कसल्या गाड्या येत असतील याची कल्पना करा. मी एकदाच विचारलं. मामू म्हणाले, ‘काच फुटलेली असली की काच बदलायची असते. कुणी फोडली ते काचेला विचारून ती बसत नाही.’ सुतारकाका तेव्हा पत्र्याखालची पट्टी तासत होते. लालबागच्या भर वस्तीतला तो माणूस. त्यांनी रंधा थांबवला नाही, पण बराच वेळ एकाच जागी फिरवत राहिले. दोघं त्या वेळी एकाच वर्कशॉपमध्ये होते. त्यांचं आपसात काय बोलणं झालं असेल, किंवा झालं नसेल, ते त्यांच्याकडेच राहू दे.

माझा मामेभाऊ बर्मिंगहॅमला असतो. तिकडे हा शौक इतका पसरलेला आहे की त्याची वेळापत्रकं छापतात. जुन्या बस-लॉऱ्या १९६२पासून दर वर्षी लंडनहून ब्रायटनला रांगेने जातात. लंडनच्या प्रसिद्ध लाल रूटमास्टर बस २,८७६ बनल्या. त्या रोजच्या सेवेतून २००५ मध्ये गेल्या, तरी हजारावर अजून शिल्लक आहेत आणि पुष्कळशा साध्या माणसांच्या मालकीच्या आहेत. इंग्लंडमध्ये इम्बर नावाचं एक गाव आहे. १९४३च्या डिसेंबरात फौजेच्या सरावासाठी ते रिकामं केलं आणि गावकऱ्यांना पुन्हा कधी राहायला येऊ दिलं नाही. २००९पासून वर्षातून एक दिवस या जुन्या बस लोकांना घेऊन त्या ओसाड गावात जातात. भावाने त्याचा व्हिडिओ पाठवला. मामूंनी तो तीन वेळा पाहिला आणि म्हणाले, ‘रिकाम्या गावाला बस आहे, आणि आमच्या भरल्या गावाला सकाळी एकच एसटी.’

पण तिकडचीही दुसरी बाजू आहे. ज्या बस आज इतक्या मायेने पुसल्या जातात, त्या चालवायला एके काळी आपल्यासारख्या रंगाच्या माणसांना मज्जाव होता. ब्रिस्टल शहरात बसवर गोऱ्यांशिवाय कुणाला घेत नसत. १९६३ मध्ये तिथल्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, चार महिने रेटला, तेव्हा ऑगस्टअखेर तो नियम मोडला. त्यानंतर जो पहिला बिगरगोरा कंडक्टर लागला, तो एक शीख होता, रघबीर सिंग. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये पगडी-दाढी ठेवून बस चालवायची परवानगी मिळवायला १९६७ ते १९६९ अशी दोन वर्षं झगडावं लागलं. भाऊ म्हणतो की आता तिथल्या जुन्या बसच्या मेळ्यात गेलं की हे किस्से सांगणारी म्हातारी माणसंही भेटतात, आणि ते ऐकायला गर्दी होते. म्हणजे जपायचं तर नुसता पत्रा जपून भागत नाही. कुणाला चढू दिलं आणि कुणाला नाही, तेही त्याच बसमध्ये असतं.

मग आपल्याकडे हा शौक का नाही? आपल्याला आवड नाही हे मला पटत नाही. पोरं पुठ्ठ्याच्या बस करतात, रूटचे नंबर पाठ करतात, जुनी तिकिटं जमवतात. अडचण जागेची आहे. आमची बस तीस फूट लांब, आठ फूट रुंद. म्हणजे २४० चौरस फूट. परळ-वरळीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात पिढ्यानपिढ्या संसार झाले. मुमानींचा राग याच हिशेबाचा आहे. ‘नवासीला अभ्यासाला कोपरा नाही, ती जिन्यात बसून दहावी करते, आणि तुमच्या खटाऱ्याला गोदाम!’ याला उत्तर नाही. मी देतही नाही. त्या बोलून झाल्या की डब्यात घावणे भरून देतात, चार माणसांना पुरतील इतके.

कायद्याचंही तसंच. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा इंधन भरणं यासाठी ती रस्त्यावर नेता येते, धंद्यासाठी नाही. चांगला नियम आहे. पण तो खासगी वापराच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, राजेरजवाड्यांच्या मोटारी, आजोबांची फियाट. बस जन्मभर दुसऱ्यांना वाहून नेते, ती खासगी कधीच नसते. म्हणून ती कुणाचा वारसाही ठरत नाही. आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे. १९८४ मध्ये ते कुर्ल्याला सुरू झालं, १९९३ मध्ये आणिकला आलं. तिथे जरूर जा, मुलांना घेऊन जा. पण संग्रहालयात वस्तू राहते. डबल क्लच राहत नाही. तो कुणाच्या तरी पायात राहतो.

हे सगळं आज लिहायचं कारण आहे. शेठनी सांगितलं की गोदामाची जागा इमारतीसाठी जातेय. दिवाळीपर्यंत बस हलवायची, नाहीतर भंगारात. भंगारवाला येऊन गेला. त्याने बसकडे पाहिलंही नाही, नाकापासून मागच्या बंपरपर्यंत पावलं मोजली आणि किलोचा भाव सांगितला.

मी शेठना म्हटलं, आमच्या ओळखीच्या एका शाळेचं मैदान आहे. इंजिन काढून बॉडी तिथे ठेवू. आत फळ्या लावू, पुस्तकं ठेवू, मराठी एका बाजूला, उर्दू दुसऱ्या बाजूला. मुलं वरच्या खिडकीत बसून वाचतील. शेठ खूश झाले, पेंटरकाका तर पाटीच्या अक्षरापर्यंत पोहोचले. मामू गप्प. मग म्हणाले, ‘इंजिन काढलं की ती बस नाही. ती पत्र्याची खोली. पत्र्याच्या खोल्या मुंबईत कमी आहेत का?’

मी म्हटलं, ‘मामू, भंगारात जाण्यापेक्षा बरं.’

‘तुझ्यासाठी बरं. तू पुस्तकवाला आहेस.’

चार रविवार आमचं याच्यावरून बोलणं थंड होतं. पाना मागायचे, पण नाव घ्यायचे नाहीत. मला माझं म्हणणं अजूनही बरोबर वाटतं. मुलांना वाचायला जागा हवीच आहे. आणि त्यांचंही खोटं नव्हतं.

पाचव्या रविवारी मी वर्गातल्या बारा मुलांना गोदामात नेलं, आईबापांच्या चिठ्ठ्या घेऊन. बसच्या कपाळावर तेव्हा मराठी आकडे होते. आमची उर्दू माध्यमाची मुलं देवनागरी आकडे पुस्तकाआधी बसवर शिकतात, हे मी पूर्वीपासून पाहत आलोय. ७ आणि ९ यांत गोंधळलं की चुकीच्या स्टॉपला उतरावं लागतं, मग कुणी विसरत नाही. मुलगे धावत ड्रायव्हरच्या सीटवर गेले. मुली बोनेटपाशी थांबल्या. त्यातली एक, जी वर्गात हजेरीलाही मान हलवते, तिने मामूंना विचारलं, ‘नाना, हवा अंदर जाती कहाँसे?’

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांत मी हा प्रश्न विचारला नव्हता. मी हवा काढायला शिकलो, ती येते कुठून ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मामूंनी तिच्या हातात कंदील-टॉर्च दिला आणि टाकीपासून पंपापर्यंतची नळी तिच्या बोटाने चाचपायला लावली. एका जोडापाशी बोट थोडं ओलं झालं. ‘इथून,’ मामू म्हणाले. ‘गाडी बंद असताना डिझेल बाहेर झिरपतं. चालू झाली की त्याच वाटेने हवा आत ओढली जाते. वायसर म्हातारं झालंय.’ मुलीने बोटाचा वास घेतला, ओढणीला पुसलं. घरी काय ऐकावं लागलं असेल ते तिलाच माहीत. जाताना तिने मला विचारलं की मुलींना हे काम शाळेत शिकवतात का. मी सांगितलं, शाळेत नाही, आयटीआयमध्ये शिकवतात, मेकॅनिक डिझेल नावाचा ट्रेड आहे, आणि मुलींना प्रवेश आहे.

हे मामूंनी ऐकलं. पुढच्या रविवारी आल्या आल्या म्हणाले, ‘इंजिन आयटीआयला दे. गिअरबॉक्ससकट. पोरांना खोलू दे, जोडू दे, पुन्हा खोलू दे. झिजून संपलं तरी चालेल. बॉडी तुझ्या पुस्तकांना.’

सुतारकाका म्हणाले, ‘आणि बस?’

मामू म्हणाले, ‘बस चालली तेवढी चालली.’

आपल्याकडे अमानत म्हणतात. दुसऱ्याची वस्तू आपल्यापाशी ठेवलेली. ती नुसती सांभाळून भागत नाही, वेळ आली की ज्याची त्याला पोहोचती करावी लागते. ठेवून घेतली तर ती खयानत. मला इतकी वर्षं वाटत होतं की आम्ही बस सांभाळतोय. मामूंच्या हिशेबात बस कधीच नव्हती. अडतीस वर्षांत त्यांच्या बोटांत जे जमा झालं ते कुणाला तरी द्यायचं होतं, आणि मी एकटा त्याला पुरा पडत नव्हतो.

एका संस्थेशी बोलणं सुरू आहे. कागद फिरताहेत. होईल की नाही आज सांगता येत नाही, दिवाळी जवळ येतेय. दरम्यान मी एक वही घातली आहे. डाव्या पानावर मामू जे बोलतात ते जसंच्या तसं, उजव्या पानावर त्याचा अर्थ, मराठीत आणि उर्दूत. वायसर, पाटे, गुटका, डिसमिस, ‘हवा घेणे’, ‘सेल्फ मारणे’, ‘इंजिन शिंकतंय’. हे शब्द मराठी कोशात नीट नाहीत, उर्दू लुगतमध्येही नाहीत, कारण कोश करणाऱ्यांचे हात काळे झाले नव्हते. एकशे दहा शब्द झालेत. ‘आता’ हा शब्द मात्र डाव्या पानावर लिहून ठेवलाय आणि उजवं पान कोरं आहे.

येत्या रविवारी त्या जोडाचं वायसर बदलायचं आहे. इंजिन जायचंच असेल तर हवा न घेणारं जावं, असं मामूंचं म्हणणं. ती मुलगीही येतेय, यावेळी जुनी ओढणी घेऊन. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर सकाळी नऊला या. अंगात कपडे असे असू द्या की जे घरी परत आले नाहीत तरी कुणी रागावणार नाही. घावणे पुरतील.